बाबांना सांगायचं नाही : एका रीतीचा इतिहास

वडिलांच्या बायप्सीचा रिपोर्ट आला की मराठी घरात सगळ्यात आधी एक गोष्ट ठरते : बाबांना सांगायचं नाही. रिपोर्ट थोरला मुलगा वाचतो, मग जावई, मग ओळखीतला कुणी डॉक्टर. ऑपरेशन करायचं का, किमो झेपेल का, मुंबईला न्यायचं की इथंच दाखवायचं, खर्च कुणी किती उचलायचा, हे सगळं स्वयंपाकघरात नाहीतर दवाखान्याच्या जिन्यात ठरतं. ज्याच्या पोटात गाठ आहे त्याला ‘जरा सूज आहे, औषधं घ्यावी लागतील’ एवढं कळतं. आई असेल तर अनेकदा तेवढंही नाही. या रीतीला कुणी नावं ठेवली तर उत्तर तयार असतं : आपल्याकडे असंच असतं, ही आपली परंपरा आहे. इथे त्या उत्तराचीच तपासणी करायची आहे. माझ्या मते ही रीत फारशी जुनी नाही. आज ती ज्या रूपात दिसते त्या रूपात ती विसाव्या शतकाच्या मध्यावर, आधुनिक कॅन्सर इस्पितळांभोवती, उपचारांच्या आणि शिक्षणाच्या तुटवड्यातून घडली. घडली तेव्हा तिला काही अर्थ होता. तो अर्थ आता उरलेला नाही, कारण कॅन्सरचा उपचारच दरम्यान बदलून गेला आहे.

परंपरेचा दाखला मागायचा तर चरकसंहितेपासून सुरुवात करावी लागते, कारण ‘सांगू नये’ या बाजूचा सगळ्यात भक्कम पुरावा तिथेच आहे. विमानस्थानात गुरू शिष्याला वैद्यकीच्या आचाराचे नियम घालून देतो. त्यातला एक असा, की रोग्याचं आयुष्य सरत आल्याचं वैद्याला कळलं तरी, ते बोलल्याने रोग्याला किंवा आणखी कुणाला अपाय होणार असेल तिथे त्याने ते बोलू नये. या नियमाला अट आहे, हे सहसा कुणी सांगत नाही. शिवाय त्याचा विषय मरणाची वेळ हा आहे. रोगाचं नाव किंवा उपचारांची निवड हा नाही. वैद्याच्या जिभेला तो लगाम आहे, मुलांना दिलेलं मुखत्यारपत्र नव्हे. त्याच संहितेत रोगांची प्रतवारी आहे : सुखसाध्य, कृच्छ्रसाध्य, याप्य आणि प्रत्याख्येय. याप्य म्हणजे मुळातून न जाणारा, पण पथ्य आणि औषध यांनी आवरून धरता येणारा. प्रत्याख्येय म्हणजे वैद्याने हात जोडून नाही म्हणावं असा. असाध्याला हात घालणाऱ्याचं धन, विद्या आणि यश जातं, असा इशाराही तिथे आहे. सुश्रुत तर मुतखड्याच्या शस्त्रक्रियेबद्दल बोलताना सरळ तोलून दाखवतो : काही केलं नाही तर मृत्यू ठरलेला, केलं तर निदान शंकेला जागा, म्हणून अधिपतीची अनुमती घेऊन मगच शस्त्र उचलावं. इथे अनुमती विचारायची ती सत्ता असलेल्याला, रोग्याला नव्हे, हे मान्य केलं पाहिजे. वैद्याची मान वाचवायची ती तजवीज असावी. आजच्या अर्थाची संमती या ग्रंथांत शोधणं भाबडेपणाचं ठरेल. पण मुलांनी ठरवावं आणि बापापासून लपवावं, अशी तरतूदही तिथे सापडत नाही.

ग्रंथ बाजूला ठेवून घराकडे पाहिलं तर उलटाच प्रकार दिसतो. जुन्या घरांत मरणापूर्वीचे म्हणून जे विधी होते, गोदान, दानधर्म, देण्याघेण्याचा निकाल, लेकीसुनांना जवळ बोलावून सांगायचं ते सांगणं, त्यातला एकही विधी त्या माणसाला आपली वेळ ठाऊक असल्याखेरीज पार पडत नाही. म्हाताऱ्या माणसाने काशीला किंवा पंढरपूरला जाण्याची इच्छा धरणं, अन्न कमी करत जाणं, औषध नको म्हणणं, याला घरच्यांनी विरोध केला असेल. पण तो बोलण्याचा अधिकार त्याचा नाही, असं कुणी म्हटलं नाही. विसाव्या शतकातली दोन ठळक उदाहरणं महाराष्ट्रातलीच आहेत. विनायक दामोदर सावरकरांनी फेब्रुवारी १९६६ मध्ये, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी, अन्न आणि औषध सोडलं आणि २६ फेब्रुवारीला ते गेले. विनोबा भाव्यांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला, सत्त्याऐंशीव्या वर्षी, तेच केलं आणि १५ नोव्हेंबरला देह ठेवला. दोघांना कॅन्सर नव्हता, आणि थोरांची उदाहरणं सामान्यांच्या घरांना जशीच्या तशी लावू नयेत हेही खरं. मुद्दा त्यांच्या थोरपणाचा नाही, मराठी समाजाने त्यांच्या निर्णयाकडे कसं पाहिलं याचा आहे. वाद झाला तो निर्णय बरोबर की चूक याबद्दल. तो निर्णय घेणारा माणूस कोण असावा, याबद्दल कुणाच्याच मनात शंका नव्हती.

मग रीत बदलली कुठे? परळला. लेडी मेहेरबाई टाटा १९३१ मध्ये रक्ताच्या कॅन्सरने परदेशातल्या शुश्रूषागृहात वारल्या. हिंदुस्थानात या रोगावर उपचार करणारी तशी सोय असावी, अशी त्यांचे पती सर दोराबजी यांची इच्छा होती. पण पुढच्याच वर्षी तेही गेले. त्यांच्या नावाच्या ट्रस्टने ते काम पुढे नेलं आणि २८ फेब्रुवारी १९४१ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांच्या हस्ते परळला टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं. सात मजल्यांची इमारत, ८० खाटा. त्या वेळी कॅन्सरवर करण्यासारखं जे होतं ते दोन शब्दांत संपत होतं : सुरी आणि रेडियम. किमोथेरपी जन्मायची होती. योगायोग असा, की त्याच १९४१ साली शिकागोत चार्ल्स हगिन्स यांनी अंडकोष काढल्याने किंवा संप्रेरकं दिल्याने प्रोस्टेटचा कॅन्सर मागे हटतो हे दाखवलं. म्हाताऱ्या पुरुषांच्या कॅन्सरवर सुरी-रेडियमपलीकडे काही निघू शकतं याची ती पहिली खूण. पण परळच्या दारात येणारे रुग्ण बहुतेक उशिरा आलेले, गाठ फुटल्यावर किंवा घास उतरेनासा झाल्यावर आलेले. डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांच्यासारख्या शल्यविशारदांच्या पिढीने काम केलं ते या परिस्थितीत. ज्याची गाठ काढता येते त्याची काढायची, किरणांचा शेक देता येतो त्याला द्यायचा, बाकीच्यांना घरी पाठवायचं. या तीन वाटांपैकी कुठली घ्यायची हे गाठच ठरवायची. रुग्णाच्या पसंतीला त्यात जागाच नव्हती, तेव्हा त्याला विचारायचं तरी काय, हा प्रश्न त्या काळी खरोखरच बिनउत्तराचा होता. सांगण्यासारखी उरत होती एकच बातमी, आणि ती मृत्यूची होती.

इस्पितळ गिरणगावाच्या मधोमध उभं राहिलं, ही गोष्ट माझ्या मते या इतिहासात जितकी मोजली गेली पाहिजे तितकी मोजली गेलेली नाही. कोकणातला, साताऱ्या-सांगलीकडचा, देशावरचा म्हातारा परळला येत होता तो मुलाच्या भरवशावर. मुलगा लालबाग-परळच्या खोलीत, गिरणीच्या पाळीवर. १९५१ च्या जनगणनेत देशातली साक्षरता १८ टक्क्यांच्या आसपास होती, आणि साठी उलटलेल्यांत ती त्याहून कमी असणार हे सांगायला आकडा लागत नाही. केसपेपर इंग्रजीत, डॉक्टर पारशी, गोवेकर किंवा मद्रासी, बोलणं इंग्रजी-हिंदीत. बाप आणि डॉक्टर यांच्यामध्ये मुलगा उभा राहिला तो आधी दुभाषा म्हणून. दुभाष्याने काय सांगायचं आणि काय गाळायचं हे ठरवलं, आणि मग ठरवणं हाच त्याचा हक्क झाला. राहण्याची सोय, रजा, रक्त, पैसा, हे सगळं त्याच्याच अंगावर पडत असल्याने हक्क आपसूकच पक्का झाला. १९६८ पासून परळला रुग्णसेवा करणारी नाना पालकर स्मृती समिती काय किंवा दादरची गाडगे महाराज धर्मशाळा काय, या संस्था उभ्या राहिल्या त्याच मुळी बाहेरगावचा रुग्ण आणि त्याच्याबरोबरचा नातेवाईक यांना कुठेतरी पाठ टेकता यावी म्हणून. गावच्या माणसाला शहरात आणणारा, फिरवणारा आणि परत नेणारा मुलगा या व्यवस्थेचा कणा होता. त्याला दोष देण्याचं कारण नाही. फक्त तो जे करत होता ती सोय होती, संस्कृती नव्हती, एवढं लक्षात ठेवावं.

ही रीत फक्त आपली होती असं मानण्यातही चूक आहे. सिग्मंड फ्रॉइड यांच्या जबड्याला १९२३ मध्ये कॅन्सर झाला तेव्हा ते साठीच्या पुढे होते, स्वतः डॉक्टर होते, आणि तरीही त्यांच्या डॉक्टरांनी निदान त्यांच्यापासून लपवलं. कळल्यावर ते संतापले. पुढे मॅक्स शूर यांना आपला डॉक्टर नेमताना त्यांनी आधी कबूल करून घेतलं ते खरं सांगण्याचं. १९६१ मध्ये शिकागोच्या एका इस्पितळातल्या २१९ डॉक्टरांना विचारलं तेव्हा जवळजवळ ९० टक्के म्हणाले, कॅन्सर झाल्याचं रुग्णाला आम्ही शक्यतो सांगत नाही. कारणं ऐकली तर ती कुठल्याही मराठी मुलाची वाटतील : आशा जाईल, खचेल, जिवाचं काही करून घेईल. १९७९ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टरला तोच प्रश्न विचारला तेव्हा ९७ टक्के म्हणाले, सांगतो. अठरा वर्षांत अमेरिकेची संस्कृती बदलत नसते. बदलला होता तो उपचार, आणि त्याच्या जोडीने कायदा व रुग्णांच्या हक्कांची चळवळ. जपानमध्ये सम्राट हिरोहितो १९८९ च्या जानेवारीत सत्त्याऐंशीव्या वर्षी गेले, तोवर त्यांच्या कॅन्सरचं नावही जाहीर झालेलं नव्हतं. नंतरच्या वर्षांत तिथलीही वहिवाट बदलत गेली. न सांगणं हा पूर्वेचा स्वभाव आणि सांगणं हा पश्चिमेचा, हा सिद्धांत या तारखांपुढे टिकत नाही. जिथे करण्यासारखं काही नव्हतं तिथे सगळीकडेच लपवलं जात होतं.

उपचार बदलला म्हणजे नेमकं काय झालं, ते थोडं सविस्तर पाहायला हवं, कारण सगळा मुद्दा तिथे आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हॉल्स्टेड यांनी रूढ केलेली स्तनाची शस्त्रक्रिया छातीच्या स्नायूंसकट सगळं काढून टाकणारी होती आणि जवळपास ऐंशी वर्षं तीच एक वाट मानली गेली. बर्नार्ड फिशर यांनी १९७० च्या दशकात सुरू केलेल्या चाचण्यांतून हळूहळू सिद्ध झालं की लहान गाठ तेवढीच काढून शेक दिला तरी बाई तितकीच जगते. एकाऐवजी दोन वाटा झाल्या, आणि दोन्हींत आयुष्य सारखं असेल तर कुठली घ्यायची हे सांगायला गाठ पुरेशी नाही. बाईला विचारावं लागतं. २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत सत्तरी गाठलेल्या ६३६ स्त्रियांची गाठ काढून टॅमॉक्सिफेनची गोळी सुरू केली. निम्म्यांना शेक दिला, निम्म्यांना नाही. दहा वर्षांनी शेक न घेतलेल्या शंभरांतल्या साधारण दहा जणींना त्याच जागी पुन्हा गाठ आली, घेतलेल्यांत दोघींना. एकूण आयुष्यात फरक पडला नाही. आता सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या वस्तीवरच्या पंचाहत्तरीच्या बाईने आठवड्यांमागून आठवडे शहरात राहून रोज शेक घ्यावा का? शंभरातल्या आठ जणींचं जे टळतं ते तिच्या लेखी त्या आठवड्यांहून मोठं आहे का? एखादी म्हणेल, परत गाठ आली या भीतीने मी झोपणार नाही, द्या शेक. दुसरी म्हणेल, मला माझ्या घरी राहू द्या. दोघी बरोबर आहेत, आणि त्या दोघींपैकी आपली आई कोण, हे मुलाला बाहेरून कळत नाही. प्रोस्टेटचंही तेच. ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीचे २०१६ चे निष्कर्ष असे, की सुरुवातीच्या अवस्थेतल्या पुरुषांवर शस्त्रक्रिया करा, शेक द्या की नुसती नजर ठेवा, दहा वर्षांत त्या कॅन्सरने मरणारे तिन्हीकडे शंभरात एकच्या आसपास. नुसती नजर ठेवली तर रोग पसरण्याचं प्रमाण थोडं जास्त. शस्त्रक्रिया केली तर लघवीवरचा ताबा आणि शरीरसुख जाण्याची शक्यता जास्त. हा तोल ज्याचा त्यानेच साधायचा आहे.

म्हाताऱ्यांच्या बाबतीत आणखी एक अडचण होती आणि अजूनही पुरती गेलेली नाही. ज्या चाचण्यांवर उपचार ठरतात त्यांत म्हातारी माणसं नसतातच. १९९९ मध्ये अमेरिकेतल्या चाचण्यांचा हिशेब मांडला गेला : कॅन्सर झालेल्यांत पासष्टीच्या पुढचे ६३ टक्के, आणि चाचण्यांत त्यांचा वाटा २५ टक्के. आपल्याकडे जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यात, बार्शीच्या नर्गिस दत्त मेमोरियल हॉस्पिटलच्या साथीने, गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची जी जगभर गाजलेली तपासणी-चाचणी झाली आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झाली, तीत सव्वा लाखाहून अधिक स्त्रिया होत्या. वय ३० ते ५९. साठीची बाई तिथेही बाहेर. तपासणीसाठी वयाची मर्यादा घालण्याला शास्त्रीय कारणं असतात, त्याबद्दल तक्रार नाही. पण परिणाम असा की पंच्याहत्तरीच्या माणसाला किती किमो झेपेल, याचं उत्तर डॉक्टर अंदाजाने देत राहिले आणि त्या अंदाजाभोवती दोन उलट्या सवयी वाढल्या. एका घरात ‘आता या वयात कशाला’ म्हणून साधी, बरी होणारी गाठही तशीच राहू दिली. दुसऱ्या घरात ‘काही कमी केलं असं लोकांनी म्हणू नये’ म्हणून शेवटच्या महिन्यापर्यंत किमो चालू राहिली. या दोन सवयी एकमेकींच्या विरुद्ध वाटतात, पण दोन्ही घरांत म्हाताऱ्याला विचारलेलं नसतं. नव्या शतकात वृद्धांच्या कॅन्सरच्या वेगळ्या अभ्यासाने जोर धरला आणि वयाचा आकडा पाहण्याऐवजी चालण्याचा वेग, वजन, स्मरण, घरात मदतीला कोण, चालू असलेली औषधं, हे मोजून डोस ठरवायला सुरुवात झाली. २०२१ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या चाचणीत अशी मोजणी डॉक्टरांच्या हाती दिल्यावर सत्तरीपुढच्या रुग्णांत उपचारांचे गंभीर दुष्परिणाम ७१ टक्क्यांवरून ५१ टक्क्यांवर आले, आणि आयुष्य त्यामुळे कमी झालं नाही. टाटा मेमोरियलमध्येही आता वृद्ध रुग्णांसाठी वेगळी ओपीडी आहे. शिवाय त्याच इस्पितळातल्या डॉक्टरांनी २०२० मध्ये दाखवलं की तोंड-घशाच्या पुढच्या अवस्थेतल्या कॅन्सरला शिरेतून द्यायच्या औषधापेक्षा दोन स्वस्त गोळ्या किंचित सरस ठरतात : सरासरी साडेसात महिने विरुद्ध सहा. दीड महिना म्हणजे फार नव्हे. पण तो सलाइनच्या नळीला न जोडता, घरी राहून मिळतो, हे म्हाताऱ्या माणसाच्या हिशेबात कुठे बसेल ते त्यालाच ठाऊक.

‘सगळं करा’ असं मुलं का म्हणत आली, याचं एक कारण प्रेमापलीकडचं आहे आणि ते इतिहासात सापडतं. काही न करणं म्हणजे वेदना होती. १९८५ मध्ये अमली पदार्थांविरोधी कायदा आला आणि परवान्यांच्या जाळ्यात मॉर्फिन इस्पितळांतून आणि औषधांच्या दुकानांतून जवळजवळ नाहीसं झालं. ज्या देशात अफू पिकते त्या देशातला कॅन्सरचा म्हातारा वेदनेने ओरडत राहिला. जागतिक आरोग्य संघटनेने वेदनाशमनाची पायऱ्यापायऱ्यांची पद्धत सांगितली ती लगेच पुढच्या वर्षी, आणि त्याच १९८६ मध्ये डॉ. लुईस डिसूझा यांनी वांद्र्याला शांती आवेदना ही देशातली पहिली हॉस्पिस, म्हणजे शेवटच्या टप्प्यातल्या रुग्णांसाठीची शुश्रूषा-संस्था, उघडली. पुढे तिची शाखा गोव्यातही निघाली. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७ मध्ये सुरू झालं. मॉर्फिनचे नियम सैल करणारी दुरुस्ती संसदेने केली ती थेट २०१४ मध्ये. म्हणजे किमो नको, दुखणं तेवढं थांबवा, ही वाट कागदावर असली तरी बहुतेक जिल्ह्यांत ती चालण्याजोगी नव्हती. ज्या मुलाने १९९० मध्ये बापाला परळला नेऊन शेवटपर्यंत सुया टोचवल्या, त्याच्यापुढे दुसरी वाट ओरडण्याचीच होती. आज ती तशी नाही, निदान शहरांत आणि जिल्ह्याच्या ठिकाणी नाही.

आता आक्षेप. पहिला नेहमीचा : सांगितलं तर हिंमत खचेल. खचतेही काहींची, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण न सांगून ती टिकते, हे गृहीत कुणी तपासलेलं नसतं. परळच्या त्या इमारतीत शिरलेल्या माणसाला आपण कुठे आलो हे कळत नाही, अशी समजूत फक्त नातेवाइकांची असते. केस गळतात, शेजारच्या खाटेवरचा माणूस बोलतो, नर्स बोलते. कळलेलं असतं, फक्त त्याबद्दल कुणाशी बोलता येत नाही. २०१० मध्ये बॉस्टनच्या एका इस्पितळात फुप्फुसाचा पसरलेला कॅन्सर असलेल्या १५१ रुग्णांपैकी निम्म्यांना सुरुवातीपासूनच वेदनाशमनाची आणि मोकळ्या बोलण्याची जोड दिली. त्यांच्यात निराशा कमी आढळली, शेवटच्या दिवसांत आक्रमक उपचार कमी झाले, आणि ते सरासरी जगलेही जास्त : ११.६ महिने, बाकीचे ८.९. एका शहरातली, एका प्रकारच्या कॅन्सरची ही चाचणी आहे आणि आयुष्य वाढतंच, असं पुढच्या सगळ्या अभ्यासांनी म्हटलेलं नाही. पण बोलल्याने माणूस लवकर जातो, या समजुतीला तिने पुरेसा सुरुंग लावला. गंमत अशी, की ‘श्वास’ या २००४ मधल्या चित्रपटात दृष्टी जाणार असलेल्या लहान मुलाला ऑपरेशनआधी ते सांगितलंच पाहिजे, हा डॉक्टरांचा आग्रह मराठी प्रेक्षकांनी मनापासून पटवून घेतला. सहासात वर्षांच्या नातवाला जे सांगावं असं आपल्याला वाटतं, ते सत्तरीच्या आजोबांना सोसणार नाही असं का वाटावं?

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे आणि तो सहजी निकालात काढता येत नाही. म्हाताऱ्याला विचारलं तर तो काय म्हणणार? ‘माझ्यावर खर्च करू नका, पोरांच्या शिक्षणाचं बघा.’ आई तर नक्कीच म्हणणार. मग हा त्यांचा निर्णय की त्यांच्यावरचं ओझं? आयुष्यभर स्वतःचा घास शेवटी घेतलेल्या बाईला एकदम निवड करायला सांगणं म्हणजे तिला नकार द्यायला सांगणंच, असं कुणी म्हटलं तर त्यात तथ्य आहे. पण यावर उपाय लपवणं हा नाही; पैशाचा प्रश्न उपचाराच्या प्रश्नापासून सोडवून घेणं हा आहे. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि पुढे महात्मा जोतिराव फुले यांचं नाव मिळालेली जन आरोग्य योजना कॅन्सरची शस्त्रक्रिया, किमो आणि शेक यांचा मोठा भाग उचलते. रक्ताच्या एका प्रकारच्या कॅन्सरवरची इमॅटिनिबची गोळी मूळ कंपनीच्या भावाने महिन्याला सव्वा लाखाच्या घरात होती. भारतीय कंपन्यांची आठ-दहा हजारांत मिळू लागली, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पेटंटचा दावा फेटाळल्यावर ती तशीच राहिली. खर्च नेमका किती आणि त्यातला घरावर किती, हे आधी विचारून घेऊन आईला सांगितलं, तर तिचा ‘नको’ हा पैशाला आहे की सुईला, ते कळतं. न विचारता सुई टोचण्यात तिच्या त्यागाचा आदर आहे, असं मला वाटत नाही.

तिसरा आक्षेप : आपण कुटुंबातली माणसं, एकट्याने ठरवणं आपल्याला जमत नाही. जमायलाच हवं असं कुणी म्हटलंय? वडिलांना सगळं सांगून झाल्यावर ते म्हणाले, ‘तुम्हाला योग्य वाटेल ते करा’, तर तोही त्यांनी घेतलेला निर्णयच झाला, आणि त्यानंतर मुलांनी ठरवावं. सुशिक्षित, आपले रिपोर्ट आपण वाचू शकणाऱ्या, पेन्शन खाणाऱ्या माणसाच्या बाबतीतही तो प्रश्न न विचारता उत्तर गृहीत धरलं जातं, यावर आक्षेप आहे. १९५१ मध्ये देशात साठीपुढची माणसं दोन कोटींच्या आसपास होती, २०११ मध्ये ती दहा कोटींवर गेली, आणि त्यांतली कितीतरी आता दुभाष्याशिवाय डॉक्टरशी बोलू शकतात. स्मृतिभ्रंश झालेल्या किंवा शुद्धीत नसलेल्या माणसाचा प्रश्न वेगळा, तिथे घरच्यांना ठरवावंच लागतं. त्यासाठीही, पुढे कोणते उपचार नकोत ते माणूस शुद्धीत असतानाच लिहून ठेवण्याची सोय झाली आहे : केईएम इस्पितळातल्या अरुणा शानबाग यांच्या प्रकरणाने २०११ मध्ये वाट उघडली, सर्वोच्च न्यायालयाच्या ९ मार्च २०१८ च्या निकालाने तिला घटनेचा आधार दिला, आणि २०२३ मध्ये न्यायालयाने ती नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्यासमोर सही करण्याइतकी सोपी केली.

कायद्याची बाजू तर त्याआधीच स्पष्ट झालेली आहे, फक्त घरांना आणि पुष्कळ दवाखान्यांनाही तिची खबर नाही. १६ जानेवारी २००८ रोजी समीरा कोहली यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयासमोर प्रश्न असा होता, की भुलीखाली असलेल्या सज्ञान स्त्रीच्या मोठ्या शस्त्रक्रियेला तिच्या आईने दिलेली संमती चालेल का. जिवाला तत्काळ धोका नसेल तर चालणार नाही, शुद्धीवर आल्यावर तिलाच विचारा, असं न्यायालयाने सांगितलं. तिथे मुलीच्या जागी आई बोलली होती. बापाच्या जागी मुलगा बोलला म्हणून नियम बदलत नाही. तेव्हा वडिलांचा रिपोर्ट हाती आला की जिन्यात जमण्याआधी त्यांच्याजवळ बसा, त्यांना किती जाणून घ्यायचंय ते विचारा, आणि उपचारांच्या वाटा किती, प्रत्येकीने काय मिळतं आणि काय जातं, हे डॉक्टरांना त्यांच्यासमोरच विचारा. संमतीच्या कागदावर सही त्यांची घ्या.